बुटक्या कुंपणावर सुगंधी वेल लावताय? आधी कुंपण किती वजन पेलेल ते बघा

नाशिक : मृगाचा पाऊस पडला की रोपवाटिकेत एक मागणी ठरलेली असते, "लवकर वाढणारा आणि वासाचा वेल द्या." बहुतेक जण मधुमालती घेऊन येतात. वर्ष-दीड वर्षात कुंपण झाकून जातं, घरचे खूश होतात. पुढच्या पावसाळ्यात मात्र ओल्या वेलाच्या भाराने बांबू कलतात आणि वाऱ्याच्या एका झोतात कुंपण आडवं होतं. चूक वेलाची नसते. वीस-पंचवीस फूट चढणारा वेल तीन-चार फुटांच्या कुंपणावर सोडला, की तो स्वतःवरच गुंडाळत जाऊन जड होणारच.

म्हणून आधी कुंपण बघावं. निफाड, दिंडोरीकडे काढून टाकलेल्या द्राक्षबागेचे लोखंडी अँगल आणि तारा घराभोवती लावलेल्या दिसतात. असं कुंपण मधुमालती सहज पेलतं. बांबू, काठ्या किंवा कारवीचा कूड असेल तर जाई-जुईसारखा हलका वेल घ्यावा. आणि आधार अगदीच नसेल तर वेलाच्या नादी न लागता मेंदी लावावी.

मधुमालतीची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, मग गुलाबी आणि शेवटी लाल होतात. वास रात्री जास्त. दोन रोपांत आठ ते दहा फूट अंतर पुरे, जवळजवळ लावली तर छाटता छाटता नाकी नऊ येतील. मुळापासून फुटवे येतात, ते वेगळे करून लावले तरी जगतात, त्यामुळे शेजाऱ्याकडे वेल असेल तर विकत आणायची गरजच नाही. बहर ओसरला की दरवर्षी निम्म्यापर्यंत कापावी. विजेच्या खांबाजवळ किंवा खांबाच्या ताणतारेजवळ ती मुळीच लावू नये. चढायला जागा मिळाली की ती थांबत नाही.

जाई आणि जुईत रोपवाटिकेत हमखास गोंधळ होतो, त्यात कुणी जाईला चमेली म्हणतं. ओळख सोपी आहे. जाईच्या एका पानाला जोडीजोडीने पाच-सातपेक्षा जास्त छोटी पानं असतात आणि कळीवर बाहेरून गुलाबी झाक असते. जुईचं मुख्य पान एकच ठळक दिसतं, त्याच्या देठाशी कानासारखी दोन बारीक पानं असतात, फूलही लहान. दोन्ही साधारण पावसाळ्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत फुलतात. बुटक्या कुंपणाला जाईच जास्त शोभते, कारण ती आडवी बांधली की आडवीच पसरते. पाच-सहा फुटांवर रोप लावून फांद्या दोन्ही बाजूंना तारेला सुतळीने बांधत जायचं. फांदी सरळ वर सोडली तर खालचा भाग उघडा पडतो आणि पाला सगळा शेंड्याला जमतो. इथेच बहुतेकांचं चुकतं.

उन्हाळ्यात वास हवा असेल तर वेलांच्या मधल्या जागेत मोगरा लावावा. देशी गुलाबही चालतो, काट्यांचा उपयोग होतो, पण कुंपण झाकण्याचं काम त्याच्याने होत नाही. मोगल काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, ते खरं.

मेंदी वेल नाही, पण फूटफूट अंतरावर रोपं लावून वर्षातून दोन-तीनदा छाटली की स्वतःच भिंत होते. फुलांचा वास लांबूनही येतो. मात्र कात्रीने सारखी सपाट करत राहिलात तर फुलं येणार नाहीत. सिन्नर, येवला, नांदगावसारख्या कमी पाण्याच्या भागात हाच पर्याय खात्रीचा. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे उलट अडचण, तिथे पाणी साचतं. तिथे आणि निफाडच्या भारी काळ्या जमिनीत खड्ड्यात मुरूम व शेणखत मिसळून रोप वरंब्यावर लावावं, नाहीतर जाई-मोगऱ्याच्या मुळ्या कुजतात. निफाडच्या थंडीत मधुमालतीची पानं गळतात. वेल मेला असं समजून उपटू नये, फाल्गुनात पुन्हा फुटतो.

शेतकऱ्यांनी हे टाळावं

द्राक्षबागेला लागून जास्वंदाचं कुंपण करू नये. द्राक्षावर येणारा पिठ्या ढेकूण जास्वंदावरही पोसला जातो आणि तिथून बागेत येतो. लिंबू-मोसंबी असेल तर कामिनी, म्हणजे कुंती टाळावी. तिचा वास छान आणि कुंपणही दाट होतं, पण लिंबूवर्गीय झाडांना ग्रीनिंग रोग देणारी सायला कीड तिच्यावर वाढते.

रातराणी घराला लागून चालेल, गोठ्याला लागून नको. तिचा पाला आणि पांढरी फळं जनावरांना विषारी आहेत, लहान मुलांनाही धोका आहे. कण्हेर तर पानापासून बीपर्यंत विषारी. छाटलेल्या फांद्या बांधावर टाकल्या आणि शेळीने खाल्ल्या तर जीव जाऊ शकतो. रातराणीच्या वासाने साप येतो ही मात्र समजूतच आहे. साप येतो तो उंदीर आणि बेडकांच्या मागे. कुठलाही वेल असो, जमिनीपासून फूटभर भाग पाला काढून मोकळा ठेवला की खालचं दिसत राहतं.

लागवडीला दीड फूट खड्डा पुरतो. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन ओली झाली की रोप लावावं. पहिलं वर्ष शेळ्यांपासून जपायचं, त्यासाठी बोर-बाभळीच्या काटेरी फांद्या भोवती रोवाव्यात. ठिबकची नळी जवळून जात असेल तर उन्हाळ्यासाठी प्रत्येक रोपाला एक ड्रिपर द्यावा. आणि बागेवर औषध फवारलं असेल तर त्या बाजूच्या कुंपणावरची फुलं गजऱ्याला किंवा देवाला काही दिवस तोडू नयेत.