रामघाटावरील फडताळ

काशीस बदली होऊन आलेल्या मराठी माणसाचे पाय प्रथम विश्वेश्वराकडे वळतात आणि मग बिऱ्हाडाच्या शोधात रामघाटाकडे. जवळच नागपूरकरांचा भोसले घाट आहे, अमृतराव पेशव्यांची आठवण सांगणारा गणेश घाट आहे, जटार घाट आहे. येथील सांगवेद विद्यालयात आजही वेदाध्ययन चालते. अशा या परिसरातील एका जुन्या वाड्यात मला दोन खोल्या मिळाल्या. आतल्या खोलीच्या भिंतीत एक फडताळ होते. श्रावणात त्याचे दार उघडले आणि जो कुबट वास आला, तोच या लेखाचे निमित्त.

मी बाजारातून डांबरगोळ्या आणून आत टाकल्या. दोन दिवसांनी फडताळास एकाऐवजी दोन वास येऊ लागले. घरमालकीण आजी हसून म्हणाल्या, "वासाच्या मागे काय लागलास, बाबा? आधी ओल काढ." या वाक्यामागे काशीतील मराठी घरांचा काही शतकांचा अनुभव उभा आहे, हे मला पुढे उमगले.

सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट. त्याच वंशातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये शिवछत्रपतींस राज्याभिषेक केला. अशा घराण्यांची खरी दौलत म्हणजे पोथ्या. शहाजहानाकडून यात्रेकरूंवरील कर माफ करवून घेणारे कवींद्राचार्य सरस्वती हेही मूळचे गोदातीरीचे. त्यांच्या ग्रंथसंग्रहाची यादी १९२१ मध्ये बडोद्यास छापली गेली. तीत दोन हजारांहून अधिक नावे आहेत. त्याच शतकात बर्निये या फ्रेंच प्रवाशाने काशीत ग्रंथांनी भरलेले एक मोठे दालन पाहिल्याचे लिहून ठेवले आहे.

नदीकाठच्या दमट हवेत हे कागद टिकवायचे कसे? जुने लेखक पोथीच्या शेवटी वाचकांस विनवीत असत की तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून हिला जपा. यातील सैल बांधणीचा उल्लेख मार्मिक आहे. दोन फळ्यांमध्ये घट्ट आवळून रुमालात बांधलेल्या पोथीत दमट हवा सहज शिरत नाही. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत, ती हरताळ विषारी असल्याने कसरीलाही दूर ठेवी. बाळंतघरातून आपल्या परिचयाचे वेखंड आणि कडुनिंबाचा पाला कपाटात ठेवीत. मात्र पाला सावलीत कडकडीत वाळवलेला हवा. हिरवा पाला स्वतःच ओल घेऊन येतो. पावसाळा सरला की फडताळ रिकामे करून पोथ्यांना वारा देत आणि आतून चुन्याचा हात फिरवीत.

या रीतींमागील कारण आज स्पष्ट झाले आहे. कुबट वास हा बुरशीचा श्वास होय. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी फोफावते. दगडी भिंत थंड, आतली हवा कोंडलेली; म्हणून ओल प्रथम फडताळातच धरते. चुन्यावर बुरशी सहसा जगत नाही आणि चुन्याचा थर भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. त्यावर आपण तैलरंग चढवला की ती वाट बंद होते. डांबरगोळीतील नॅफ्थलीन दगडी कोळशाच्या डांबरातून निघाले. जॉन किड याने १८२१ मध्ये त्यास हे नाव दिले. ते कपड्यांतील कीड मारते, ओल मात्र तसूभरही शोषीत नाही. शिवाय तान्ह्या मुलांस ते बाधू शकते.

९ सप्टेंबर १९७८ रोजी येथे गंगेची पातळी ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती. धोक्याची खूण ७१.२६२ मीटरवर आहे. त्या पुरानंतर ओल कित्येक महिने भिंतीत राहिली, असे आजी सांगतात.

मी डांबरगोळ्या फेकल्या. फडताळ रिकामे करून चार दिवस उघडे ठेवले, कोरड्या फडक्याने पुसले, तळाशी लाकडी कोळसा ठेवला आणि वरच्या फळीवर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, अर्ध्या वाडग्यात कळीचा चुना ठेवला. चुना ओल पिऊन फुगतो. म्हणून वाडगा भरू नये. आठवड्यात वास गेला.

तेव्हा आजींनी आपल्या फडताळातील एक गाठोडे पुढे केले. त्यास असाच वास येई म्हणून मुलाने ते गंगेत सोडण्यास सांगितले होते. जीर्ण पोथ्यांची येथे अशीच बोळवण होते. आम्ही पाने सावलीत, वाऱ्यावर एकेक करून सुकवली. काही चिकटून गेली होती. ती हातची गेली. उरलेल्यांत सासऱ्यांच्या हातची एक प्रयोगपोथी निघाली आणि तिच्या समासांत बारीक मोडी अक्षरात काही टिपणे. मला मोडी लागत नाही. जाणकार मिळेतो ती तशीच जपायची आहेत.

कवींद्राचार्यांची यादी उरली. ग्रंथ मात्र देशोदेशी पांगले. आपल्या घरची तर यादीही नसते. आपण बदलीवाले, दर तीन-चार वर्षांनी कपाटे रिकामी करतो आणि वास येणारे ते प्रथम टाकून देतो. पुढल्या खेपेस टाकण्यापूर्वी ते एकवार वाऱ्यावर ठेवून पाहावे, एवढीच विनंती.