निम्मे निवडलेले, निम्मे नेमलेले

२००८ साली अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहराच्या कौन्सिलने १६ जणांचा एक आयोग स्थापन केला. नाव लांबलचक : 'नेबरहूड अँड कम्युनिटी एंगेजमेंट कमिशन'. लोकांना शहराच्या कारभारात कसं सामील करून घ्यावं, याबद्दल महापौर आणि कौन्सिल यांना सल्ला देणं हे त्याचं काम. १६ पैकी ८ सदस्य शहरातल्या नेबरहूड संघटनांनी, म्हणजे आपल्या भाषेत मोहल्ला संघटनांनी, निवडून द्यायचे आणि उरलेले ८ वरून नेमायचे, अशी वाटणी ठरली.

आयोगाला ना कर लावता येत होता, ना कायदा करता येत होता. नुसता सल्ला द्यायचा, तर त्यासाठी निवडणूक कशाला? आणि निवडणूक घ्यायचीच, तर निम्म्याच जागांची का? कागदावर ही तडजोड साधी दिसते. पण तिच्यामागे चाळीसेक वर्षांचं भांडण आहे.

त्याची सुरुवात १९६४ साली झाली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या दारिद्र्यनिर्मूलनाच्या कायद्यात एक अट होती : योजना राबवताना त्या त्या भागातल्या रहिवाशांचा 'शक्य तितका जास्तीत जास्त सहभाग' हवा. सहभाग म्हणजे काय, हे कायद्याने नीट सांगितलं नाही. काही शहरांनी त्याचा सरळ अर्थ लावला आणि गरीब वस्त्यांमध्ये निवडणुका घेतल्या. १९६५ साली फिलाडेल्फियात जेमतेम तीन टक्के पात्र लोकांनी मत दिलं. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये तर एक टक्काही मतदान झालं नाही. टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी १९६९ साली या सगळ्या प्रकरणावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच कायद्यातल्या शब्दांची फिरकी घेणारं होतं : 'सहभाग' काढून तिथे 'गैरसमज' घातलेलं.

इकडे महापौरही चिडलेले होते. केंद्राचा पैसा त्यांना वळसा घालून थेट वस्त्यांमधल्या मंडळांकडे जात होता आणि त्याच पैशावर उभी राहिलेली मंडळं महापालिकेवर मोर्चे आणत होती. १९६७ साली ओरेगनच्या खासदार एडिथ ग्रीन यांच्या पुढाकाराने कायद्यात दुरुस्ती झाली. स्थानिक सरकारांना ही मंडळं ताब्यात घ्यायची मुभा मिळाली आणि मंडळाचे तीन भाग पडले : एक तृतीयांश लोकनियुक्त पदाधिकारी, निदान एक तृतीयांश गरिबांचे प्रतिनिधी, बाकीचे व्यापारी, धर्मसंस्था, कामगार संघटना वगैरे. पुढे अनेक ठिकाणी दिसणारी 'काही निवडलेले, काही नेमलेले' ही पद्धत मला याच वळणाची वाटते.

१९६९ सालीच शेरी आर्न्स्टाइन यांचा 'नागरिक-सहभागाची शिडी' हा लेख आला. नगररचनेच्या अभ्यासक्रमात तो आजही वाचला जातो. शिडीला आठ पायऱ्या. सगळ्यांत खाली लोकांना नुसतं वापरून घेणं, मध्ये सल्लामसलत, सगळ्यांत वर नागरिकांचं नियंत्रण. त्या शिडीवरून पाहिलं तर तीन टक्के मतदानाचा वेगळा अर्थ लागतो. ज्या मंडळाच्या हातात नेमकं काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही, त्याच्यासाठी दिवसभर राबून आलेल्या माणसाने रांगेत का उभं राहावं? याला उदासीनता म्हणण्यापेक्षा हिशेब म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं.

मिनिआपोलिसने १९९० साली या हिशेबाची दुसरी बाजू दाखवली. मध्यवर्ती भागात टोलेजंग इमारती उठत होत्या आणि जुने मोहल्ले खंगत होते. ऐपत असलेली कुटुंबं उपनगरांत निघाली होती. तेव्हा राज्याच्या कायद्याच्या आधारे 'नेबरहूड रिव्हायटलायझेशन प्रोग्राम' सुरू झाला. वर्षाला दोन कोटी डॉलर, वीस वर्षं. पैसा यायचा तो मध्यवर्ती भागात पुनर्विकासामुळे मालमत्ता कराचं जे उत्पन्न वाढलं होतं त्या वाढीतून. शहरातल्या सत्तरएक मोहल्ला संघटनांनी आपापला आराखडा करायचा, रहिवाशांच्या सभेत मंजूर करून घ्यायचा आणि वर पाठवायचा. वर जे धोरण मंडळ होतं, त्यात शहर, काउंटी, शाळा, उद्यानं यांच्याबरोबर मोहल्ल्यांचेही प्रतिनिधी होते.

आता सभेला जाण्यात अर्थ होता. शाळेचं मैदान, रस्त्यावरचे दिवे, घरदुरुस्तीसाठी कर्ज, यातलं आधी काय घ्यायचं हे त्या सभेत ठरत होतं. जी संघटना वर्षानुवर्षं चारदोन उत्साही माणसांवर चालायची, तिला कार्यालय आलं, पगारी माणूस आला. मोहल्ल्याच्या प्रतिनिधीला किंमत आहे की नाही, हा वाद कुणी घातला नाही. त्याच्यामागे पैसा होता, तेवढं पुरे होतं.

पण सभेला आलं कोण? १९९४ साली एडवर्ड गोट्झ आणि मारा सिडनी या अभ्यासकांनी याच कार्यक्रमावर लेख लिहिला, त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो 'घरमालकांनी उगवलेला सूड'. मालकांनी संघटना हातात घेतल्या होत्या आणि भाडेकरूंसाठीच्या स्वस्त घरांना त्यांचा विरोध होता. पुढे एलेना फागोत्तो आणि आर्चन फंग यांनाही हेच दिसलं : घरमालकांचा वरचष्मा, भाडेकरू आणि अल्पसंख्याक मागे. यात कुणाचा कट असण्याची गरज नव्हती. निधीपैकी ५२.५ टक्के रक्कम घरांवर खर्च करायची, असं कायद्यातच होतं. घरदुरुस्तीचं कर्ज घेणार कोण? ज्याचं घर आहे तो. आराखडा पुरा व्हायला वर्षं लागायची. तोवर भाडेकरू दुसरीकडे गेलेला असायचा. सभा संध्याकाळी, आणि दुसऱ्या पाळीवर काम करणाऱ्याला संध्याकाळच नसते.

२००१ साली मिनेसोटा राज्याने मालमत्ता कराची पद्धत बदलली, आणि ज्या वाढीव उत्पन्नावर हा कार्यक्रम उभा होता तेच घटलं. दुसऱ्या दशकात कार्यक्रम आक्रसत गेला. तो संपल्यावर या संघटनांचं काय करायचं, यावर शहरात बराच खल झाला. त्यातून महापालिकेचा एक नवा विभाग निघाला आणि तो १६ जणांचा आयोग. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मोहल्ल्यांच्या हातात पैसा होता तोवर त्यांना सल्लागार आयोग लागला नाही. पैसा आटला तेव्हा आयोग आला.

निम्म्या-निम्म्याचा अर्थही इथेच उलगडतो. आठ निवडलेले सदस्य रहिवाशांच्या थेट मतांवर आले नव्हते. त्यांना संघटनांनी निवडलं होतं. म्हणजे संघटनेत जो गैरहजर, तो आपसूक आयोगातही गैरहजर. सोमाली वंशाचे सर्वांत जास्त लोक अमेरिकेत ज्या शहराच्या परिसरात राहतात, ते हे शहर. इथे ह्मोंग आहेत, लॅटिनो आहेत, मूलनिवासी आहेत. निम्म्याहून जास्त कुटुंबं भाड्याच्या घरात राहतात. संघटनेतून येऊ न शकणाऱ्यांना दार उघडायचं तर ते नेमणुकीनेच उघडणार, असा नेमलेल्या आठांमागचा युक्तिवाद. आणि महापौराने नेमलेला माणूस महापौराला 'नाही' कसा म्हणेल, हा निवडलेल्या आठांमागचा. दोन्ही युक्तिवाद खरे आहेत, हीच या गोष्टीतली खरी अडचण.

सिअॅटल शहराने ही अडचण एका फटक्यात सोडवली. तिथे १३ जिल्हा परिषदा होत्या. आपल्या जिल्हा परिषदेशी त्यांचा संबंध नाही. मोहल्ला संघटनांच्या प्रतिनिधींची ती मंडळं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून महापालिकेने त्यांना मान्यता दिली होती. २०१६ च्या जुलैत महापौर एड मरे यांनी हे अधिकृत नातं तोडलं. कारण दिलं ते असं की, तिथे येणारे बहुतेक जण वयस्क, गोरे आणि घरमालक असतात. त्याच वर्षी नवा आयोग आला, आणि त्याची एकही जागा मोहल्ल्यांनी निवडून द्यायची नव्हती. महापौरांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. पण शहरात जास्त दाट बांधकामाला परवानगी द्यायच्या धोरणावर याच परिषदांमधून टीका होत होती, हेही तितकंच खरं.

निवडणुकीच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मी या देशात भाडेकरू होते, व्हिसावर होते. महापौर, कौन्सिल, शाळा मंडळ, कशासाठीच मला मत नव्हतं. कर मात्र होता. मोहल्ला संघटनेच्या वार्षिक सभेत नागरिकत्व विचारत नाहीत. त्या हद्दीत राहता की नाही, एवढंच विचारतात. हजारो मराठी माणसं अशीच दहा-दहा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत काढतात. त्यांच्यासाठी शहरातलं एकमेव मत हेच असतं. नेमणुकीच्या पद्धतीत तेही उरत नाही.

महाराष्ट्राचा अनुभव इथे आठवतो, कारण मतदार कोण हाच प्रश्न तिथेही आहे. २००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू शहर पुनर्निर्माण योजनेचा निधी हवा, तर राज्यांनी लोकसहभागाचा कायदा करायचा होता. केंद्राच्या नमुना नगरराज विधेयकात प्रत्येक भागाचा निवडलेला प्रतिनिधी होता. महाराष्ट्राने २००९ साली क्षेत्रसभेचा कायदा केला, त्यात सभेचं अध्यक्षपद नगरसेवकाकडेच दिलं. शिवाय सभेचा सदस्य म्हणजे त्या भागातल्या मतदार यादीत नाव असलेला. ज्याचं नाव अजून गावच्या यादीत आहे, तो वीस वर्षं त्या भागात भाड्याने राहत असला तरी सभेबाहेर.

मिनिआपोलिसने पुढे संघटनांच्या निधीचे नियम पुन्हा बदलले. कमी उत्पन्नाच्या मोहल्ल्यांना वाटा जास्त, आणि संघटनेत मोहल्ल्याचं खरं चित्र दिसावं ही अपेक्षा. त्यावरही वाद झाला. भाडेकरूंना संचालक मंडळावर आणायचा आग्रह काही जुन्या कार्यकर्त्यांना अपमान वाटला. तीस-तीस वर्षं त्यांनी फुकट राबून मोहल्ला सांभाळला होता. त्यांचं दुःख मला समजतं. पण भाडेकरू सभेला येत नाही, असं कुणी म्हटलं की मी आता आधी कार्यक्रमपत्रिका मागते. त्यावर घरदुरुस्तीचं कर्ज आहे की घरभाडं, हे पाहिलं की कोण येणार ते बहुतेक वेळा कळतं.