सात वर्षांचा हिशेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९१६ साली प्रवेश घेतला, डी.एस्सी. पदवी १९२३ साली मिळाली. या सात वर्षांपैकी सुमारे तीन वर्षे द्रव्याभावाने हिरावली, हे आम्ही ध्यानात घेतले पाहिजे. बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीची शिल्लक व शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये ते एम.एस्सी. झाले आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर केला. परीक्षकांनी सुचविलेले फेरलेखन त्यांनी मुंबईत पूर्ण केले. म्हणून विद्यार्थ्याच्या विलंबाचा न्याय करताना त्याच्या बुद्धीआधी त्याची शिष्यवृत्ती तपासावी, असे आम्हांस वाटते.