बाहेरून आत येणारी गोधडी

बेल्ह्याचा बाजार सोमवारचा. आळेफाट्याहून नगरकडे निघालेली एसटी अणे घाटाच्या अलीकडे बेल्ह्यात थांबते. त्या दिवशी रस्त्यावर माणसांइतकीच बैलांची शिंगं दिसतात. मी गेले होते ते सुया आणि दोऱ्याची रिळं घ्यायला. पिशवीत आजीचं इरकली लुगडं होतं. काठ शाबूत, अंग मात्र जागोजागी विरलेलं.

त्याआधी पुण्यात मी एका पुस्तकातून अमेरिकन गोधडीचा एक चौकोन शिकले होते. त्याला ‘लॉग केबिन’ म्हणतात. लिंकनच्या काळात, १८६०च्या दशकात, तो तिकडे घरोघरी पोचला. मध्ये तांबडा तुकडा, म्हणजे घरातली शेकोटी. त्याच्याभोवती एकेक पट्टी जोडत जायचं, दोन बाजूंना फिकट, दोन बाजूंना गडद. आजीचं लुगडं कापून अशा पट्ट्या करायच्या, हा माझा बेत होता.

आत्याबाईंनी तो चौकोन उलटासुलटा करून पाहिला. “चूल आधी मांडलीस आणि भिंती मागनं घातल्यास होय गं?” त्या म्हणाल्या. मग त्यांनी लुगड्याची घडी उलगडली, कात्री मात्र माझ्या हातातून काढून घेतली.

नऊ वार लुगड्याच्या चार घड्या घातल्या की सव्वादोन वार लांबी मिळते. उंच माणूसही पाय पसरून झोपेल एवढी. रुंदी एका माणसापुरती. म्हणजे एका लुगड्यात चार थर आणि एक माणूस, कात्री न लावता! हा हिशेब मला कुठल्याच पुस्तकाने सांगितला नव्हता.

आमच्याकडची गोधडी कडेपासून सुरू होते. जमिनीवर थर पसरायचे, कडा दुमडून बसवायच्या आणि धावदोरा घालत चौफेर फिरत आत यायचं. ठिगळंही त्याच टाक्यात बसत जातात. अमेरिकन पद्धतीत वरचा पदर आधी वेगळा जोडतात, मग खाली कापूस आणि अस्तर घालून तिन्ही थर शिवतात. इथे जोडणं आणि शिवणं एकच. दर फेरीला हाताने कापड सारखं करावं लागतं, नाहीतर सगळा ढिलेपणा मध्यावर जमतो. माझ्या पहिल्या गोधडीचा मध्य तव्यावरच्या भाकरीसारखा फुगला. तीन फेऱ्या उसवल्या.

कापड निवडण्याबाबत आत्याबाई कडक. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती हवं. कोरं कापड जुन्यावर लावलं तर पहिल्याच धुण्यात आटतं आणि जुन्याला ओढून फाडतं. नायलॉन तर नकोच. ते सुईखालून निसटतं, घाम पीत नाही आणि चुलीची ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतं.

या निवडीमागे मोठा इतिहास आहे. हातमागाचं लुगडं विकत घेणं ही घरातली मोठी गोष्ट होती, तेव्हा चिंधीसुद्धा टाकत नसत. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली उभी राहू लागली आणि १८५६मध्ये चालू झाली. पुढे मांजरपाट, चीट, छापील पातळं गावोगावच्या बाजारात आली आणि गोधडीत रंग आले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, कापडावर नियंत्रण आलं. त्या काळात ठिगळाला ठिगळ लागलं. मग कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या, धुवायला सोप्या, टिकायला चिवट. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुती लुगडं नेसणाऱ्या आज्याही हळूहळू गेल्या. शहरात जुन्या साड्या बोहारणीकडे जाऊन त्यांची स्टीलची पातेली झाली. माझ्या आईनेही तेच केलं. तिला दोष कसा देऊ? पातेलं रोज लागतं.

गोधडी गरिबीची खूण मानली गेली, हेही खरंच. अंगावर चिंध्यांचं वस्त्र वागवणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत. पण अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावर झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या. त्यांचा एक आवडता नमुना चौकोनात चौकोन असाच असतो. त्याला त्या ‘घराचं छप्पर’ म्हणतात. आपल्याकडे गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक लिहिलं, ते २०१३ साली आलं. ते मी आत्याबाईंना दाखवलं. “यांच्या पांघरुणाचेही फोटो काढतात?” एवढंच त्या म्हणाल्या, पण पानं सावकाश उलटत राहिल्या.

लुगडं अखेर अख्खंच गोधडीत गेलं. विरलेल्या जागी आजोबांच्या धोतराची ठिगळं बसली. तांबड्या तुकड्याचा हट्ट मी सोडला नाही. तो सगळ्यात शेवटी, फेऱ्या मध्यावर येऊन पोचल्यावर लावायचा, या अटीवर आत्याबाईंनी परवानगी दिली. दोरा तिथे संपला. नवं रीळ आणायला पुन्हा सोमवारची वाट पाहावी लागली.