‘नाही’ आणि ‘दिसले नाही’

सोनोग्राफीचा कागद घरी आला की वडीलधारी मंडळी आधी शेवटची ओळ वाचतात. ती ओळ अनुमानाची असते. डोळ्यांना काय दिसले हे तिच्या वर लिहिलेले असते, आणि ते कोणी फारसे वाचत नाही. वस्तुतः ह्या विद्येचा इतिहास म्हणजे ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचाच इतिहास आहे.

त्याचा आरंभ स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी झाला. तेथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड हे १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेनफ्र्यू गावच्या बॉयलरच्या कारखान्यात गेले! लोखंडाच्या सांध्यातील तडे शोधणारे ध्वनियंत्र तेथे होते. कारखान्याने तुलनेसाठी मांसाचा एक तुकडाही आणून ठेवला होता. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी निरनिराळे उमटले. पुढे टॉम ब्राउन ह्या तरुण इंजिनिअरने यंत्र सुधारले. जठराचा असाध्य कर्करोग ठरवून जिची आशा सोडली होती, अशा एका बाईच्या पोटात यंत्राने पाण्याची मोठी गाठ दाखविली. ती गाठ काढली आणि बाई वाचली.

१९५८ च्या जूनमध्ये डोनाल्ड, मॅकविकार व ब्राउन यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याचे शीर्षक साधे होते: पोटातील गाठींचा ध्वनिलहरींनी तपास. त्यात गर्भाचीही चित्रे होती, तरी शीर्षकात तो डांगोरा नव्हता. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

लहान गर्भ मात्र दिसत नसे. मूत्राशय भरलेले असले की त्यातून आतले स्पष्ट दिसते, हे डोनाल्ड यांना १९६३ साली योगायोगाने कळले. (तांब्याभर पाणी पिऊन दवाखान्याच्या बाकावर अवघडून बसणाऱ्या आपल्या भगिनींना त्याचे कारण आता कळेल.) म्हणजे कालपर्यंत जे ‘नाही’ वाटत होते, ते केवळ ‘दिसत नव्हते’.

१९७३ साली ग्लासगोच्याच ह्यू रॉबिन्सन यांनी गर्भाची डोक्यापासून बैठकीपर्यंतची लांबी मोजून दिवस ठरविण्याची रीत प्रसिद्ध केली. मोजमाप आले तसे निर्णयही आले. पिशवी अमुक मोठी आणि आत गर्भ नाही, किंवा गर्भ अमुक लांब आणि ठोके नाहीत, म्हणजे गर्भ गेला. मग पिशवी साफ करावयाची.

आपल्याकडे ह्याच यंत्राच्या एका शब्दाने वेगळाच घात केला. मुलगी असल्याचे कळताच गर्भ पाडले जाऊ लागले. म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, आणि १९९४ चा देशाचा कायदा १९९६ पासून अमलात आला. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने सांगण्यास त्यात मनाई आहे. पेढा की बर्फी, हेही त्यात आलेच. बाकी जे दिसले ते मात्र चोख लिहिलेच पाहिजे.

‘गर्भ गेला’ हा शब्द किती सावधपणे लिहावा, ह्याचा धडा २०११ साली मिळाला. ब्रिटनमध्ये तोवर ६ मिलिमीटर लांबीच्या गर्भाचे ठोके दिसले नाहीत, किंवा २० मिलिमीटरच्या पिशवीत काहीच दिसले नाही, तर तो गेला असे धरीत. पण दोन तपासनिसांची मापे सारखी येत नाहीत, आणि ह्या मर्यादेने क्वचित जिवंत गर्भही मृत ठरू शकतो, असे अभ्यासांत आढळले. पाळीची तारीख आठवड्याने चुकली तरी तोच घोटाळा. तेव्हा मर्यादा ७ आणि २५ मिलिमीटर केली. फरक मोहरीच्या दाण्याएवढा, पण त्याच्या अलीकडे एखाद्या आईचे जिवंत मूल असू शकते. त्याउपर दुसऱ्या तपासनिसाचे मत घ्यावे, किंवा निदान सात दिवसांनी पुन्हा पाहावे, असेही तेथील नियमांत आले.

अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१३ साली हेच आकडे मान्य केले. मर्यादेच्या आतल्या गर्भाविषयी कागदावर आता ‘मृत’ असे लिहीत नाहीत. ‘टिकेल की नाही हे अद्याप अनिश्चित’ असे लिहितात, आणि खाली पुढच्या तपासणीची तारीख घालतात.