सात वर्षांची यात्रा, सात दिवसांची यात्रा

प्रवास सोपा झाला की त्याच्या तयारीचा अर्थही आपोआप हलका होतो, असे आपण धरून चालतो. मुस्लिम समाजातील उमऱ्याच्या यात्रेचा इतिहास पाहताना हे गृहीतक पुन्हा तपासावे, असे आम्हांस वाटले.

हज जिल्हज महिन्याच्या ठरावीक दिवसांतच होतो. ऐपत असणाऱ्यावर तो आयुष्यात एकदा फर्ज आहे. उमरा एरवी वर्षात केव्हाही करता येतो. इहराम बांधणे, काब्याभोवती सात फेरे, सफा-मरवा या टेकड्यांदरम्यान सात खेपा, आणि अखेरीस केस उतरवणे वा कापणे, एवढे त्याचे विधी. काही तासांत ते उरकतात. तरीही हिंदुस्थानातील सामान्य माणसाला केवळ उमऱ्यासाठी निघणे शतकानुशतके अवघडच होते. कारण मधे समुद्र होता.

शिडांची जहाजे मोसमी वाऱ्यांच्या तंत्राने चालत. हजचा महिना मात्र चांद्र पंचांगानुसार दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरके. या दोन कालगणनांचा मेळ बसवणे हीच यात्रेची खरी आखणी. बाबराची कन्या गुलबदन बेगम 1575 मध्ये फतेहपूर सिक्रीहून निघाली, सुरतेहून जहाजात बसली आणि परतली ती 1582 मध्ये. राजघराण्याची ही कथा. मग इतरांचे काय? निघणारा माणूस देणी फेडी, घरच्यांची तजवीज करी, भल्याबुऱ्याची माफी मागून घेई. आपल्याकडे काशीस निघालेला माणूसही असाच निरोप घेई. तयारी प्रवासाची असे, तशीच न परतण्याचीही असे.

पुढे आगबोटी आल्या आणि मुंबई हे हजचे मोठे बंदर झाले. यात्रेकरूंच्या हालअपेष्टांच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की 1886 मध्ये सरकारने थॉमस कुक कंपनीला व्यवस्थेसाठी नेमले. काही वर्षांतच ती त्यातून बाहेर पडली. तिकिटाचा प्रश्न सुटू शकतो, दारिद्र्याचा नाही, हे त्या प्रयोगातून दिसले. मुंबईहून जेद्दाला जाणारी हजची जहाजे 1995 पर्यंत चालू होती.

आता विमान काही तासांत जेद्दाला पोहोचते. जहाजावरचा यात्रेकरू यलमलमची सीमा जवळ आली की स्नान करून इहराम बांधी. विमानातून ही सीमा क्षणांत मागे पडते, म्हणून पुष्कळ जण घरून वा विमानतळावरूनच इहराम बांधून निघतात. आखणी उरली ती व्हिसाची, रजेची आणि हरमपासून हॉटेल किती दूर आहे याची.

यात काही हरवले, असे म्हणणारे आहेत. आम्हांला ते अर्धेच खरे वाटते. वर्षभर घर सोडणे ज्यांना कधीच शक्य नव्हते, त्या नोकरदारांना, लेकुरवाळ्या स्त्रियांना, थकलेल्या वृद्धांना या आठवड्याने दार उघडले. हा लाभ लहान नाही.

आणि अनिश्चितता तरी कुठे गेली? फेब्रुवारी 2020 अखेरीस साथीमुळे उमरा थांबवला गेला. ऑक्टोबरात तो टप्प्याटप्प्याने सुरू झाला. बांधलेल्या बॅगा घरातच राहिल्या. त्या महिन्यांत यात्रेकरूंजवळ उरली ती फक्त नियत, आणि गुलबदनच्या काळीही तयारीची सुरुवात तिथूनच होत असे.