पायडल, गुडघा आणि थोडीशी मोकळीक

औंढा नागनाथहून हिंगोली सुमारे २५ किलोमीटर. काळी, दांड्याची, एकाच गिअरची सायकल घेऊन निघालात आणि पुढच्या चाकीला ४४, मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते धरले, तर हिंगोली येईपर्यंत पायडलाचे साडेचार हजारांच्या आसपास फेरे होतात. प्रत्येक गुडघा तितक्या वेळा वाकतो आणि सरळ होतो. येताना पुन्हा तितकंच.

एवढ्या फेऱ्यांत पावलाखाली काय आहे, याला महत्त्व येणारच. तरी सायकल घेताना आपण ब्रँड बघतो, गिअर बघतो, रंग बघतो. पायडल जे येईल ते. गुडघ्याला सोसेल असं पायडल शोधताना मी त्याचा इतिहास वाचत गेलो, आणि मला त्यात एकच धागा दिसला: माणसाने आधी पाऊल पायडलाला बांधून टाकलं आणि मग गुडघ्यासाठी ते थोडं सैल सोडलं.

पायडलाआधी आणि नंतर

१८१७ साली जर्मनीत कार्ल द्राइसने बनवलेल्या दुचाकीला पायडलच नव्हतं. बसायचं आणि जमिनीला पाय रेटत जायचं. पायडल आलं १८६०च्या दशकात, पॅरिसमध्ये. मिशोच्या कारखान्यातल्या गाड्यांना ते थेट पुढच्या चाकाला असायचं. पिएर लालमां याने १८६६ साली अमेरिकेत अशाच गाडीचं पेटंट घेतलं.

पायडलाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. मग जास्त वेग हवा तर चाक मोठं करा! त्यातून जुन्या चित्रांत दिसते ती उंच चाकाची सायकल निघाली. चाक किती मोठं, हे स्वाराच्या तंगडीच्या लांबीवर ठरायचं.

ही अडचण चेनने सोडवली. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ आली. पायडल स्वाराच्या खाली आलं, आणि एका फेऱ्याला किती जोर लागावा हे दात्यांच्या संख्येने ठरवता येऊ लागलं. माझ्या मते गुडघ्यासाठी झालेली सगळ्यात मोठी सुधारणा हीच. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८८ साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात भावासोबत सायकलविक्री सुरू केली. नांगर आणि पंप नंतरचे. किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात सायकलपासून आहे.

बांधलेलं पाऊल

शर्यतवाल्यांना मात्र पाऊल घसरणं परवडत नव्हतं. त्यांनी पायडलाला बोटांची पकड आणि चामडी पट्टा लावला. पुढे १९८४ साली ‘लुक’ या फ्रेंच कंपनीने बर्फावरच्या स्कीला बूट अडकवण्याची युक्ती सायकलवर आणली. बुटाच्या तळाला क्लीट नावाची पट्टी, आणि ती पायडलात खट्‌कन बसणार. १९८५ची टूर द फ्रान्स बर्नार इनोने हीच पायडलं वापरून जिंकली आणि सगळ्यांना ती हवीशी झाली.

पण पाऊल घट्ट बसलं आणि गुडघे तक्रार करू लागले. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा दिसतो खरा, पण तो नुसती बिजागरी नाही. पाय वाकताना-सरळ होताना नडगी थोडी आत-बाहेर फिरते आणि तिच्यासोबत टाचही वळू पाहते. टाच जखडली तर तो पीळ वर गुडघ्यात जातो. एका फेऱ्यात तो जाणवत नाही. साडेचार हजार फेऱ्यांत जाणवतो.

‘लुक’चाच संस्थापक ज्याँ बेल पुढे ‘टाइम’ या नव्या कंपनीत गेला आणि तिथे पाऊल थोडं वळू देणारं पायडल आलं. या मोकळिकीला फ्लोट म्हणतात. आज क्लीटच्या रंगावरून ती कळते. ‘लुक किओ’मध्ये काळी शून्य अंश, करडी साडेचार, लाल नऊ. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये लाल शून्य, निळी दोन, पिवळी सहा. म्हणजे एका कंपनीची लाल सगळ्यात मोकळी, तर दुसरीची लाल पूर्ण जखडलेली. ऑनलाइन मागवताना हे ध्यानात ठेवा.

आपलं रबरी पायडल

आता औंढ्याच्या रस्त्यावर या. शाळेची पोरगी चप्पल घालून साध्या रबरी पायडलावर पाय मारते आहे. तिच्या पावलाला हवं तसं वळायची पूर्ण मुभा आहे. शर्यतींच्या जगाला जी मोकळीक पुन्हा शोधावी लागली, ती इथे कायमच होती. दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारणारी पोरं याच मोकळिकीवर सायकल शिकली.

तरीही या सायकलींवर गुडघे दुखतात. त्याची कारणं साधी आहेत. सीट फार खाली असते. पाय चवड्याऐवजी तळव्याच्या मधोमध टेकतो. पडून-आपटून पायडलाचा आस वाकतो आणि प्रत्येक फेऱ्यात पाऊल डुलतं. कॉटरपिन सैल होऊन खटखट करते.

म्हणून माझं म्हणणं असं. रोजच्या प्रवासाला रुंद, सपाट, न घसरणारं पायडल घ्या. चवडा त्यावर पूर्ण मावला पाहिजे. लांब पल्ल्यासाठी क्लीट हवीच असेल तर फ्लोट असलेली घ्या, आणि देवळापाशी बूट काढून ठेवणार असाल तर चालता येईल असा बूट बघा. पायडल तळाशी असताना टाच टेकवून पाय सरळ होईल इतकी सीट वर घ्या. वाकलेलं पायडल ठोकून सरळ करत बसू नका, बदला. बदलताना डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे विसरू नका. एवढं करूनही गुडघा सुजत असेल, तर डॉक्टरांकडे जा.

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. सायकल मिळाली, की मुलगी शाळेत पोचते, हे मोठंच काम आहे. पण सीट तिच्या उंचीला लावून देणं आणि वाकलेलं पायडल बदलणं कुणाच्याच यादीत नसतं. त्याला पाना लागतो, दहा मिनिटं लागतात आणि फार तर एका पायडलाचे पैसे. तिला तेच गुडघे पुढे शेतात, नोकरीत, म्हातारपणात वापरायचे आहेत.